टेप ३० वर्षं टिकेल, पण वाचणार कशावर?

"हार्ड डिस्क पाच वर्षांत मरते, टेप ३० वर्षं टिकते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुना एलटीओ-५ ड्राइव्ह स्वस्तात मिळतो, एका टेपवर ३ टीबी मावतं, घरच्या बॅकअपची काळजी मिटली." आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. एलटीओ म्हणजे कंपन्या डेटा साठवायला वापरतात ती चुंबकीय टेप, एलटीओ-५ ही तिची पाचवी पिढी. दोघे शेजारी खरेदीला निघालेत, म्हणून लिहितो.

आधी ते ३ टीबी. डेटा दाबून निम्मा होईल असं धरून तो आकडा छापलेला असतो. एलटीओ-५ ची खरी क्षमता १.५ टीबी. मोबाइलचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, ते आणखी दबत नाहीत.

३० वर्षांचं म्हणणं खोटं नाही, पण त्यासाठी हवा कोरडी लागते, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत. आपल्याकडे जुलैत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. हवाबंद डबा आणि दर पावसाळ्याआधी नवी सिलिका जेल, एवढं करणार असाल तरच टेप घ्या. त्याहून मोठी अडचण ड्राइव्हची. एलटीओ-५ ची टेप वाचणारी शेवटची पिढी एलटीओ-७, म्हणजे २०१५ ची. २०१७ च्या एलटीओ-८ ला ती वाचताच येत नाही. टेप शाबूत आणि ड्राइव्ह भंगारात, तर फोटो गेलेच म्हणायचे.

आता "स्वस्त". हे ड्राइव्ह बहुधा सॅस या सर्व्हरमध्ये वापरतात त्या जोडणीचे असतात, लॅपटॉपला थेट लागत नाहीत. डेस्कटॉप, सॅस कार्ड, केबल, क्लीनिंग कार्ट्रिज हा खर्च मेसेजमध्ये नाही. शिवाय टेपला डेटा सलग लागतो. मी जुन्या डिस्कवरून हजारो छोटे फोटो थेट टेपवर पाठवले, तेव्हा ड्राइव्ह थांबायचा, टेप मागे घ्यायचा, पुन्हा पुढे. रात्रभर तीच घरघर, आणि त्यात टेप आणि ती वाचणारं-लिहिणारं हेड दोन्ही झिजतात. सगळे फोटो वेगवान एसएसडी डिस्कवर एका मोठ्या टार फाइलमध्ये, म्हणजे एकाच गाठोड्यात, बांधले, तेव्हा लिखाण सुरळीत झालं.

रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, ड्राइव्हबाहेर काढून ठेवलेल्या टेपपर्यंत पोचत नाही, असंही मेसेजमध्ये पुढे लिहिलंय आणि ते खरं आहे. पण केबल काढून ठेवलेल्या हार्ड डिस्कपर्यंतही ते पोचत नाही.

म्हणून एक-दोन टीबीच्या घराला माझा सल्ला: दोन हार्ड डिस्क घ्या. एक घरी, दुसरी बहिणीकडे किंवा मामांकडे, दुसऱ्या उपनगरात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला. तळमजल्यावरच्या एकाच कपाटात दोन्ही प्रती ठेवल्या, तर असा एक दिवस दोन्ही घेऊन जाईल.

शूटिंगचा दहा-वीस टीबी माल साठलाय त्यांनी टेप जरूर घ्यावी, पण एलटीओ-६ पाहावा. त्याची टेप एलटीओ-७ वर वाचता येते, लिहिताही येते. दुकानात स्वतःची टेप न्या, ५० जीबी लिहून घ्या, परत वाचून चेकसम (फाइल तशीच आहे का ते दाखवणारा आकडा) जुळवा. दुकानदार एवढा वेळ देत नसेल, तर ड्राइव्ह तिथेच ठेवून या.