ताकद पहिल्या हातभरात असते

परवा रात्री भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. गाडी जागेवर उभी, मोबाइल मागच्या बंपरखाली धरलेला, आणि रेस दिली की छातीत घुमणारा आवाज. खाली एक ओळ : "मामा, ऐक. मागचा डबा बदलला. गाडी काय उचलतेय आता!"

मागचा डबा म्हणजे मफलर, एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या, शेवटी असलेला. मी त्याला लगेच काही बोललो नाही. जे बोलायचं होतं ते मेसेजच्या दोन ओळींत मावणारं नव्हतं. आणि त्याच्याच वयाची बरीच मुलं माझ्या पोस्ट वाचतात, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

मी त्याच्याएवढा असताना हेच केलं होतं, उलट दोन पावलं पुढे जाऊन. १६०० सीसीची, चार सिलिंडरची, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नसलेली पेट्रोल गाडी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (विषारी धूर स्वच्छ करणारा भाग, थोडक्यात कॅट) मागचा मूळचा २ इंची पाइप काढून सरळ अडीच इंची टाकला, मधला डबा उडवला, मागे आरपार मफलर लावला. अर्ध्या इंचाने असा काय फरक पडतो असं वाटतं. पण पाइपचं तोंड व्यासाच्या वर्गाने वाढतं. २ चे २.५ इंच केले की क्षेत्रफळ ५६ टक्क्यांनी वाढतं.

पहिले चार दिवस मी हवेत होतो. पाचव्या दिवशी जाणवलं की रोजच्या रस्त्यावरचा लांब चढ, जो गाडी तिसऱ्या गिअरमध्ये निमूट चढायची, तिथे आता दुसरा टाकावा लागतोय. आधी पेट्रोलला दोष दिला, मग क्लचला. शेवटी मित्राला शेजारी बसवून हातात स्टॉपवॉच दिलं. सपाट, मोकळा रस्ता, तिसरा गिअर, २००० ते ४००० आरपीएम. पूर्वी याला ८.२ सेकंद लागायचे, कारण नशिबाने जुनी नोंद वहीत होती. आता लागले ९.१. मित्राचा विश्वास बसेना. तो म्हणाला, "अरे, पण वाटतं तर किती जोरात!"

या वाटण्यावरच माझं सगळं म्हणणं आहे. कान हे ताकद मोजायचं यंत्र नाही. आवाज वाढला की आपण ॲक्सिलरेटर जास्त दाबतो, गिअर उशिरा बदलतो, आणि गाडी पळाल्यासारखी वाटते.

आता मूळ गोष्ट. एक्झॉस्ट म्हणजे धूर बाहेर टाकायची मोरी, असं आपण समजतो. मोरी जितकी रुंद तितकं पाणी लवकर जाईल. पण इंजिनातून धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने सुटतो. ३००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा धूर टाकतो. पिस्टन खाली पोचायच्या जरा आधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. तेव्हा सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो, आणि तो दाब एका फटक्यात नळीत सुटतो. त्या फटक्याची लाट नळीतून पुढे धावते. बाहेरच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर असतो. एक्झॉस्टमधल्या तापलेल्या वायूत तो ५०० च्या पुढे जातो. ही लाट जिथे नळी एकदम रुंद होते, म्हणजे जिथे चार नळ्या एकत्र मिळतात किंवा डबा सुरू होतो, तिथून उलटी फिरते. आणि उलटताना दाबाची लाट ओढीची होते.

गंमत इथे आहे. ती ओढ बरोबर त्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोचली, जेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असतो आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडत असतो, तर ती उरलासुरला धूर खेचून काढते आणि ताज्या हवेला आत यायला हात देते. उशीर झाला किंवा ती आधीच आली, तर तिच्या जागी दाब येतो आणि धूर परत सिलिंडरमध्ये ढकलला जातो. हा हिशेब दोन-चार मिलिसेकंदांचा आहे. तो जमतो की फिसकटतो हे ठरतं हेडरच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या नळ्यांच्या जुडग्याच्या, पहिल्या नळ्यांच्या लांबीवर आणि व्यासावर. लांब नळ्या खालच्या आरपीएमला मदत करतात, आखूड नळ्या वरच्या. चार नळ्यांच्या आधी दोन आणि मग एक केली तर मधल्या टप्प्यात टॉर्क बरा पसरतो. चारांची थेट एक केली तर जोर सहसा वरच्या टोकाला मिळतो. सगळीकडे सगळं मिळेल अशी नळी अजून कोणी बनवलेली नाही. प्रत्येक नळी कुठेतरी देते आणि कुठेतरी घेते.

म्हणून मी म्हणतो, ताकद असते ती इंजिनाला चिकटलेल्या पहिल्या हातभरात. आणि आपण पैसे घालतो ते शेवटच्या हातभरात, जो मागून दिसतो आणि ऐकू येतो.

अजून एक साधं कारण. इंजिनातून निघताना धूर जोराच्या वापरात ८०० अंश सेल्सिअसच्याही वर असतो. मागे जाता जाता तो निवतो, आणि निवला की आकसतो. तेवढ्याच धुराला मागे पुढच्यापेक्षा कमी जागा लागते. मग मागे मोठा पाइप कशासाठी?

"इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच" हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. ते खोटं आहे. कुठल्याही इंजिनाला मागून कोणी गळा दाबलेला नको असतो. त्याला हवा असतो धुराचा वेग आणि त्या लाटेची वेळ. पाइप गरजेपेक्षा मोठा केला की वेग पडतो, खालचा पिकअप मरतो, आणि लोक म्हणतात "बॅक प्रेशर गेलं". निदान चुकीचं, पण दुखणं खरं.

टर्बोच्या गाडीचं मात्र वेगळं आहे. तिथे टर्बाइनच त्या लाटांची मोडतोड करतं, त्यामुळे त्याच्या मागे जितका कमी अडथळा तितकं चांगलं. तिथे डाउनपाइप, म्हणजे टर्बोतून निघणारा पहिला पाइप, मोठा करून सोबत ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, ट्यूनिंग नीट केलं तर खरोखर फरक पडतो. तोही डाउनपाइप, म्हणजे पुन्हा पुढचाच भाग. टर्बोवाल्याच्या गाडीवर मिळालेला फायदा बघून साध्या इंजिनाच्या गाडीवर तोच पाइप लावायला जाऊ नका.

माझ्या त्या ९.१ सेकंदांकडे परत येतो, कारण त्यात सगळा दोष पाइपचा नव्हता. काम केलं त्या गॅरेजने मॅनिफोल्डच्या (हेडरच्या जागी कंपनीने बसवलेला भाग) जोडावर जुनंच गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी पट्टी, परत बसवलं होतं. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की बारीक टिकटिक यायची, गरम झालं की थांबायची. धातू तापून फुगला की फट मिटत होती, म्हणून. मला वाटायचं व्हॉल्व्हच्या टॅपेटचा आवाज आहे. ती फट ऑक्सिजन सेन्सरच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला होती. दोन ठोक्यांच्या मध्ये नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो, आणि तेवढ्यात फटीतून बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो बिचारा इमानाने पेट्रोल वाढवत राहतो. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, वजनाने, हे प्रमाण तो सेन्सर सांभाळतो. १९७६ साली बॉशने बनवलेला हा सेन्सर पहिल्यांदा व्होल्व्होच्या गाडीत आला. गाडीतला इतका साधा आणि इतका कामाचा पार्ट दुसरा नसेल. त्यालाच आपण खोटं सांगायचं आणि मग ॲव्हरेज पडलं म्हणून रडायचं. नवं गॅस्केट बसवलं, वेळ ८.८ वर आली. पाइप सव्वादोन इंचाचा करून मधला डबा परत लावला, तेव्हा कुठे ८.२ झाले. एवढा खटाटोप करून मी जिथून निघालो होतो तिथेच पोचलो.

त्या मधल्या डब्याबद्दलही सांगायला हवं, कारण तो सगळ्यात आधी उडवला जातो. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन ठोके पडतात. म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठोके. त्याच कंपनाला केबिनमधली हवा, छत, सीट घुमायला लागतात. पाच मिनिटं छान वाटतं. दोन तास चालवा, डोकं बधिर होतं, शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. कंपनीने तो डबा नेमक्या त्या घुमण्यासाठी मापून लावलेला असतो, ताकद अडवायला नाही.

आणि आता ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो. भाच्याचा दुसरा मेसेज आला : "पुढच्या महिन्यात कॅट काढून टाकतोय, सगळे म्हणतात तिथेच ताकद अडकते."

नको काढू रे बाबा. कॅटमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. गरम झाली की ती कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं, या तिन्हींचा बहुतेक भाग निरुपद्रवी करून टाकते. धडधाकट कॅटने रोजच्या गाडीत जी ताकद अडते ती इतकी थोडी असते की ती तुला सीटवर बसून कळणारही नाही. अडवते ती बिघडलेली कॅट. प्लग मिसफायर करत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं, जाळी वितळते, आणि मग गाडी खरंच दम टाकते. तशी कॅट बदलायची असते, आणि आधी मिसफायर दुरुस्त करायचा असतो. अनेक देशांत कॅट काढणं हा गुन्हा आहे, पण मी कायद्याचा धाक दाखवत नाही. तुझ्या गाडीच्या मागे सिग्नलला दुचाकीवर लहान मूल बसलेलं असतं, त्याचं तोंड बरोबर पाइपच्या उंचीवर येतं. डिझेलवाल्यांनी डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी, काढतानाही हेच डोळ्यांसमोर आणावं. ती काजळी जाते कुठे?

अजून एक गोष्ट, जी मी आजवर घराबाहेर सांगितलेली नाही. त्याच अडीच इंची पाइपचा एक वेल्ड, बरोबर मागच्या सीटखाली, केसाएवढा फुटला होता. मला कळलं नव्हतं. आम्ही लांबच्या प्रवासाला निघालो, थंडी होती म्हणून काचा बंद. आई मागे बसली होती. तासाभराने म्हणाली, "डोकं जड झालंय रे, मळमळतंय." मला वाटलं गाडी लागली असेल. काच उघडून पंधरा-वीस मिनिटं थांबलो, तिला बरं वाटलं. काचा लावून निघालो, पुन्हा तेच. तेव्हा ट्यूब पेटली. खाली वाकून बघितलं तर फ्लोअरच्या पत्र्यावर हाताच्या पंजाएवढा काळा डाग. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. तासभर मी माझ्या आईला तो हुंगवत होतो. उरलेला सगळा रस्ता काचा उघड्या ठेवून, तिला शालीत गुंडाळून आलो. त्या दिवसापासून एक्झॉस्टचं काम झालं की मी साबणाचं पाणी घेऊन बसतो. थंड इंजिन सुरू करायचं, मागचं तोंड जाड फडक्याने क्षणभर अर्धवट झाकायचं, आणि प्रत्येक जोडावर पाणी मारायचं. बुडबुडा आला की गाडी पुढे जात नाही. आणि हे मोकळ्या हवेत करायचं, बंद गॅरेजमध्ये अजिबात नाही.

मग काहीच करायचं नाही का? करा की! मला हे काम आवडतं. हेडरच्या आत हात घालून सगळ्या नळ्यांचे जोड गुळगुळीत आहेत का हे बघण्यात मी अजूनही तासन्‌तास रमतो. वळणावर चेपलेला पाइप असेल तर तो मँड्रेलने, म्हणजे आतून आधार देऊन, वाकवलेला घ्या, तिथे खरोखर वाट मोकळी होते. हेडर बदलायचा तर आधी स्वतःला विचारा की मी रोज कुठल्या आरपीएमला चालवतो, आणि त्या टप्प्याचा घ्या. नंतर ईसीयूचं ट्यूनिंग करा, नाहीतर अर्धा फायदा तसाच पडून राहतो. आणि काम करायच्या आधी मोजा. नंतर मोजून काय उपयोग, तुलनेला काहीच नसतं.

रविवारी भाचा गाडी घेऊन आला. मी कॅटच्या पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे दाबाचा गेज लावला. इंजिन गरम करून २५०० आरपीएमवर धरलं. काटा एक पीएसआयच्याही खाली. तीनच्या वर गेला असता तर अडथळा आहे असं म्हणता आलं असतं. तो बराच वेळ त्या काट्याकडे बघत राहिला.

"म्हणजे कॅट अडवतच नाहीये?"

"नाही."

"मग हेडर?"

"बघू. आधी वही काढ."

संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर गेलो. तिसरा गिअर, २००० ते ४०००, तीन वेळा. तो चालवत होता, मी लिहीत होतो : ८.६, ८.४, ८.७. तारीख त्याने स्वतःच्या हाताने घातली.