कोटाची शेपटी

नेपोलियनच्या पायदळाची एक बटालियन रंगवायची असं मी ठरवलं, तेव्हा हिशेब अगदी सरळ होता. १८०८ च्या फेररचनेनंतर फ्रेंच बटालियनमध्ये सहा कंपन्या, दर कंपनीत १४० माणसं, म्हणजे एकूण ८४०. टेबलावर फासे टाकून खेळायच्या लढाईत वीस माणसांमागे प्लास्टिकचा एक चिमुकला शिपाई धरायचा. ८४० भागिले २० बरोबर ४२. रोज एक रंगवला तरी दीड महिन्यात वॉटर्लू! नेपोलियनचेही हिशेब असेच सरळ असायचे, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

खोकं उघडलं तर आत फौज नव्हतीच. प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेली धडं, मुंडकी आणि हात होते. शिपाई म्हणजे तळपायापासून डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटर. तो आधी चौकटीतून कापायचा, मग त्याच्या अंगावरची साच्याची शीर पात्याने खरवडायची आणि मग जोडायचा. गोंदाचा स्वभाव असा की, शिपायाचा हात खांद्याला चिकटायला तो पाच मिनिटं घेतो, माझं बोट शिपायाला चिकटायला एक क्षणही नाही. तिसऱ्या रात्री एकाला दोन्ही हात डावे लागले. निघेनात. त्याला मी मागच्या रांगेत उभा केलाय आणि त्याच्याशी नजर मिळवत नाही.

बायको टेबलापाशी येऊन थांबली.

"या बाहुल्या लढणार?"

"बाहुल्या नाहीत, मिनिएचर आहेत. लढणार."

"आणि मेल्या की?"

"परत खोक्यात."

"मग बरंय," असं म्हणून ती गेली. तिला बरं नक्की काय वाटलं, ते मी विचारलं नाही.

रंगवण्याची रीत अशी की, एक शिपाई पूर्ण करून दुसरा घ्यायचा नाही. आज बेचाळीस जणांचे जोडे, उद्या बेचाळीस जणांच्या विजारी. यात वेळ वाचतो म्हणतात. पण चौऱ्याऐंशी काळे जोडे एका बैठकीत रंगवल्यावर माणसाला आपल्या जन्माविषयी जे प्रश्न पडतात, त्यांचा वेळ कुणी धरत नाही. जोड्यांनंतर पट्टे आले. प्रत्येक शिपायाच्या छातीवर काडतुसांच्या पेटीचा तिरका पांढरा पट्टा असतो आणि ग्रेनेडियरांच्या, म्हणजे निवडक शिपायांच्या, छातीवर आखूड तलवारीचा दुसरा, म्हणजे फुलीच. निळ्या कोटावर पांढरी बारीक रेघ मारताना श्वास रोखायचा असतो. नेमका तेव्हाच फोन वाजतो. मग पांढऱ्यावर निळा, निळ्यावर पुन्हा पांढरा. माझ्या काही शिपायांच्या अंगावर इतके थर चढलेत की थंडीत त्यांना दुसरं काही लागू नये.

आणि निळा म्हणजे कोणता निळा? गडद घेतला तर वरून तपकिरी वॉश, म्हणजे सावलीसाठी पातळ रंगाचा हात, दिल्यावर काळा दिसतो. फिका घेतला तर शिपाई टपाल वाटायला निघाल्यासारखा दिसतो. खरं म्हणजे त्या काळी कोट रंगायचे निळीत आणि इंग्रजांच्या आरमाराने वाट अडवल्यावर निळीचाच तुटवडा पडला. १८०६ मध्ये तर सम्राटाने पायदळाला पांढरे कोट चढवायचं फर्मान काढलं होतं. काही रेजिमेंटांना ते मिळालेही, पण वर्षभरात बेत बारगळला. हे वाचलं त्या दिवशी मी नेपोलियनवर पहिल्यांदा मनापासून चिडलो. थोडा दम धरला असता तर काय बिघडलं असतं? पांढऱ्यावर पांढरे पट्टे!

शाकोवरच्या, म्हणजे शिपायाच्या उंच टोपीवरच्या, गोंड्यांवर मात्र माझा जीव जडला. फ्युझिलियरांच्या, म्हणजे साध्या शिपायांच्या, चार कंपन्या, पहिलीचा गोंडा हिरवा, दुसरीचा आकाशी, तिसरीचा नारिंगी, चौथीचा जांभळा. ग्रेनेडियरांच्या खांद्यांवर लाल झुपके. एकेक गोंडा मोहरीएवढा आणि त्यावरही उजेडाची बाजू, सावलीची बाजू दाखवायची. मी दाखवली. कुणाला दिसत नाही. मलाही भिंगातूनच दिसते.

इथवर आलो आणि एका जाणकाराने माझे शिपाई डोळ्यांजवळ धरले. या छंदात बटणं मोजणारी एक जमात असते. मी त्यांना बटणमोजे म्हणतो (पायात घालायच्या मोज्यांशी संबंध नाही). त्याने शिपाई उलटा केला, मागून पाहिलं आणि हळहळत विचारलं, "वॉटर्लू म्हणालात ना?"

"हो. १८१५."

"शेपटी लांब आहे."

१८१२ च्या नव्या नियमाने फ्रेंच कोट आखूड झाला, छातीच्या पट्ट्या कमरेपर्यंत बंद झाल्या. माझं खोकं त्याआधीचं. दोन मार्ग होते. लढाई बदलायची, नाहीतर शेपट्या कापायच्या. मी पातं उचललं. एका रविवारी बेचाळीस शेपट्या कापल्या, पोटावरची उघडी पांढरी बंडी निळ्याखाली बुजवली आणि तीन शिपायांचे घोटे मोडले. जाणकारांनी पुन्हा पाहिलं. म्हणाले, "आता चालेल." त्यांच्या जगात ही मिठी मारल्यासारखीच गोष्ट आहे.

शेवटी मॅट वार्निशचा फवारा. बाटलीवर लिहिलेलं असतं, दमट हवेत मारू नका. मी मारला. दहा मिनिटांत अख्ख्या बटालियनवर पांढरं धुकं उतरलं. गोंडे गेले, पट्टे गेले, वर्षभराची रात्रपाळी गेली. वॉटर्लूच्या आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला होता, अशी मनाची समजूत घालून पाहिली. पटली नाही. त्यावर चकचकीत वार्निशचा हात दिला तेव्हा बरंचसं धुकं विरलं. शिपाई आता नुकते न्हाऊन आल्यासारखे चमकतात.

याच सुमारास, करायला नको ते मी केलं. वाचन. मोहिमेवर असताना फ्रेंच शिपाई बरेचदा कोटावर लांब ओव्हरकोट चढवत आणि शाकोवर मेणकापडाचं आवरण घालत. वॉटर्लूलाही पुष्कळ जण तसेच होते. म्हणजे छाती झाकलेली, शेपटी झाकलेली, बटणं झाकलेली आणि शाकोही. ते पान मी दोनदा वाचलं, पुस्तक मिटलं आणि बायकोला काही बोललो नाही.

मग लढाईचा दिवस. वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध उतरलेली ब्ल्यूशरची प्रशियाची फौज घेऊन मित्र येणार होता अकराला, आला दीडला. वर म्हणाला, "ब्ल्यूशरची माणसंसुद्धा साडेचारच्या सुमारासच भिडली होती. मी लवकरच आलोय." नवी रंगवलेली तुकडी पहिल्या लढाईत पळतेच, असं या खेळात सगळेच मानतात. मी मानत नव्हतो. माझ्या बटालियनने दिमाखात टेकडी उतरली, एक गोळीबार झाला, मनोधैर्याचा फासा टाकला. फाशावर एक पडला.

ती पळाली. शेपूट घालून म्हणायची सोय मी ठेवली नव्हती. दोन्ही हात डावे असलेला शिपाई मागच्या रांगेत असल्यामुळे आता सर्वांत पुढे होता.

पाठलागावर निघालेल्या विजयी फौजेकडे मी तेव्हा नीट पाहिलं. खोक्यातून निघाली तशीच होती. प्राइमर नाही, रंग नाही, नुसतं करडं प्लास्टिक.

"अरे, निदान जोडे तरी रंगवायचे होतेस!"

"ओव्हरकोट घातलेत सगळ्यांनी," फासे गोळा करत तो म्हणाला. "करडे."

रात्री मी तपासलं. प्रशियाचे ओव्हरकोट करडेच होते.