‘चुकीचा रिपोर्ट’ या अभिप्रायास लॅबचे उत्तर

आदरणीय महोदय,

आपल्या पत्नीचा सीए-१२५ चा (अंडाशयाच्या कर्करोगाची शंका पाहताना करतात त्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट शनिवारी रात्री नुसता व्हॉट्सॲपवर गेला आणि सोमवारी डॉक्टर भेटेपर्यंत आपल्या घराला घोर लागून राहिला, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. आमच्याकडून एक फोन जायला हवा होता.

मात्र ‘चुकीचा रिपोर्ट देऊन पैसे उकळतात’ हे वाक्य १९ वर्षे लॅब चालवणाऱ्या माझ्यासारख्या पॅथॉलॉजिस्टच्या जिव्हारी लागले. आमच्याकडे ६१ आणि तीन आठवड्यांनी दुसरीकडे ३३ आले, म्हणून आमचा आकडा खोटा, असे आपण म्हणता. पण आमच्याकडे रक्त पाळीच्या दुसऱ्या दिवशी दिले होते, हेही आपणच लिहिले आहे. सीए-१२५ हे प्रथिन केवळ अंडाशयाच्या कर्करोगातूनच रक्तात येते असे नाही. गर्भाशयाचे अस्तर आणि पोटाच्या आतले आवरणही ते तयार करते, त्यामुळे पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, फायब्रॉइड (गर्भाशयातील साधी गाठ) वा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे) असताना, इतकेच काय, पोटाच्या क्षयरोगातही ते वाढू शकते. ३५ ही सामान्य आकड्याची वरची मर्यादा ठरली तेव्हाही सुमारे १ टक्का निरोगी व्यक्तींचा आकडा तिच्या वर होता, आणि उलट सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगात जवळपास निम्म्या रुग्णांत तो वाढलेला नसतो. म्हणूनच कोणतेही डॉक्टर सोनोग्राफी आणि प्रत्यक्ष तपासणीशिवाय या एका आकड्यावर निदान करत नाहीत. शिवाय दोन लॅबची यंत्रे आणि किट वेगळी असतील, तर त्यांचे आकडे शेजारी ठेवून ताडता येत नाहीत. तसे रिपोर्टच्या तळाशी छापलेले आहे (अक्षर बारीक आहे, हे मान्य).

पैशांविषयी एवढेच सांगतो की ६१ दिसताच तोच नमुना आम्ही त्याच संध्याकाळी पुन्हा लावला, ५९ आले, आणि त्या दुसऱ्या तपासणीचा एक रुपयाही आपल्या बिलात नाही. फॉर्मवर पाळीच्या तारखेचा रकाना असतो. तो कोरा होता आणि काउंटरवरील मुलीने विचारले तेव्हा ‘आधी रक्त घ्या, आम्हाला घाई आहे’ असे उत्तर मिळाले. तरीही तिने नेटाने पुन्हा विचारायला हवे होते, असे मी तिला सांगितले आहे.

ट्यूमर मार्कर (सीए-१२५ सारखा, कर्करोगात वाढू शकणारा रक्तातील घटक) वाढलेला असल्यास रिपोर्टसोबत मराठीत खुलासा देण्याचे आमचे चालले आहे, फोनचेही पाहतो. दोन्ही रिपोर्ट घेऊन आपण कधीही या, मी स्वतः समजावून सांगेन. एक स्टार राहू द्या, पण ‘चुकीचा’ हा शब्द तेवढा मागे घ्यावा, ही विनंती.

आपला,
लॅबचालक