डेड स्टॉक

मंगळवारी सकाळी माझी तार तुटली. आवाजसुद्धा झाला नाही.

उष्णता साठवायच्या थर्मिक तेलात २५ मायक्रॉनची प्लॅटिनमची तार ताणायची, वीज सोडायची आणि ती किती भराभर तापते ते पाहायचं. तेलानं उष्णता चटकन ओढून नेली तर तार सावकाश तापते; त्यावरून तेलाच्या उष्णतावाहकतेचा आकडा काढायचा. सगळा खेळ पहिल्या सेकंदाचा. पुढे तेल जागच्या जागी फिरायला लागतं आणि आकडा उगाच फुगतो. पाण्याचा ०.६, आमच्या तेलाचा ०.१३ च्या आसपास यायला हवा. तीन आठवडे ०.१९ च येत होता. सोमवारी रात्री पहिल्यांदा ०.१३१ आला, आणि सकाळी डेड स्टॉकची, म्हणजे संस्थेच्या कायमच्या सामानाची, पडताळणी करणारे काका दारात.

"प्लॅटिनमची तार, नग एक. दाखवा."

"ही काय, तेलात. जरा तिरकं बघा."

चष्मा कपाळावर गेला, नाकावर आला. "मॅडम, आमच्या सौं.ची अंगठी निदान दिसते तरी. हे कशासाठी?"

मी उत्साहानं सांगितलं, की स्पेनमध्ये सेव्हियाजवळ २०११ पासून वितळलेल्या मिठात १५ तासांची उष्णता साठवून रात्री वीज करतात.

"आमच्या सोसायटीच्या सोलरला सातनंतर गरम पाणी येत नाही, ते बघा आधी." मग शिपायाकडे हात. त्याच्याकडे पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा. "नंबर कुठे टाकू?"

ब्रशचा एकेक केस माझ्या तारेहून जाड होता.

"काका, भांड्यावर टाका ना."

"भांड्याला वेगळा नंबर आहे."

खरंच आहे. स्टुलाला आहे, कधीच न फिरणाऱ्या पंख्यालाही आहे. माझी फेलोशिप चार महिने अडकलीये, तिची पडताळणी करायला कुणी डबा घेऊन येत नाही. विचारायला गेलं की जेवणाची सुट्टी. असो.

"वस्तू कशी हाताला लागली पाहिजे," असं म्हणत काकांनी तेलात बोट घातलं. तेल तापवलेलं नव्हतं, हे नशीब त्यांचं की माझं, अजून ठरत नाहीये.

"लागत नाहीये काही."

आता कशी लागणार?

त्यांनी शांतपणे शेरा मारला: 'वस्तू आढळून आली नाही. संबंधितांकडून वसुली करावी.' माझी सही घेतली, आणि बोट पुसायला टेबलावरचा कागद उचलला. ०.१३१ चा.