दुष्यंताची अंगठी आणि फॅरामीर

परवा बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या कट्ट्यावर पावसाने सगळ्यांना पत्र्याखाली कोंडले आणि विषय निघाला फॅरामीरचा. टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीत दुष्ट सॉरॉनची एक अंगठी आहे, जवळ येईल त्याला भुलवणारी. त्यातला हा सरदार, ती वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही, असे बोलून जातो आणि अंगठी हाताशी आल्यावरही शब्दाला जागतो. पीटर जॅक्सनच्या चित्रपटमालिकेतल्या २००२ सालच्या दुसऱ्या भागात मात्र तोच, ती अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोला अंगठीसकट ऑसगिलिअथ शहरापर्यंत घेऊन जातो.

“ही सरळसरळ बदनामी आहे,” मास्तर म्हणाले.

वकिलाने लगेच बाजू घेतली. “मास्तर, प्रेक्षकाला इतका वेळ अंगठीचा धाक दाखवायचा आणि मग एकाने ती सहज नाकारायची, तर त्या धाकाला कोण विचारणार? शिवाय शेलॉब या अजस्र, जाळे विणणाऱ्या कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या भागात ढकलल्यावर दुसऱ्याच्या शेवटी फ्रोडोपुढे काही पेच नको का?”

“पण मग अंगठीला भुललेल्या बोरोमीरमध्ये आणि त्याच्या या भावात, फॅरामीरमध्ये, फरक तो काय राहिला?” मास्तरांनी विचारले.

इथे मी दुष्यंताला मध्ये आणले. महाभारतातला दुष्यंत सगळे आठवत असूनही भर सभेत शकुंतलेला ओळख देत नाही. कालिदासाने दुर्वासांचा शाप आणि हरवलेली अंगठी घालून त्याला त्या दोषातून सोडवले, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली तोच निर्दोष दुष्यंत मराठी रंगभूमीवर गाता केला. पात्र बदलणे हा गुन्हा असेल, तर पहिला आरोपी कालिदास.

“कालिदासाने माणूस वर उचलला, यांनी खाली ओढला,” मास्तरांनी तोडले.

मला हे अर्धेच पटले, कारण चित्रपटातला फॅरामीरही अखेरीस अंगठी सोडतोच, फक्त उशिरा. माझी खरी तक्रार त्याच्या बापाविषयी आहे. कादंबरीतला डेनेथॉर पलांतीरमध्ये, म्हणजे दूरचे दाखवणाऱ्या दगडी गोळ्यात, वारंवार डोकावतो, सॉरॉनच्या मर्जीने दिसेल तेवढेच पाहतो आणि त्यातून खचत जातो. चित्रपटाने तो गोळा जवळजवळ काढून टाकला, त्यामुळे त्याच्या वेडामागचे कारणच गेले. मुलगा मरणाच्या दिशेने घोडा फेकतो आहे, फ्रोडोचा मित्र पिपिन गातो आहे, आणि हा टोमॅटो खातो आहे, रस हनुवटीवरून ओघळतो आहे.

यावर वकिलाने युक्तिवाद केला नाही. “पण ते टोमॅटो मला अजून दिसतात,” एवढेच तो म्हणाला.