बॅनेटच्या तोंडाची चेन

आज संध्याकाळी माझ्या सहा वर्षांच्या भाचीने चित्रकलेच्या वहीत ‘पोकेमॉन’ या जपानी व्हिडिओ गेममधला बॅनेट नावाचा भुताटकी बाहुला काढला होता. काळपट अंग, लाल डोळे आणि तोंडाच्या जागी पिवळी चेन (पिशवीला असते तशी झिप), सगळे जिथल्या तिथे होते. घरी आलेल्या एका पाहुण्यांनी वही पाहिली आणि ‘ही कसली भुताटकी? बाहुली कशी हसरी हवी!’ असे म्हणून ती परत दिली. पाच मिनिटांत पोरीने चेन खोडून तिथे हसरे तोंड काढले. मी तेव्हा चहा गाळत होते, म्हणून काही बोलले नाही. आता मात्र राहवत नाही.

बॅनेट पहिल्यांदा 2002 साली ‘रुबी’ आणि ‘सफायर’ या खेळांत आला. कोणा मुलाने टाकून दिलेले कापडी बाहुले आकसाने जिवंत होते आणि उकिरड्यांवर राहून त्या मुलाला शोधत हिंडते, एवढीच त्याची कथा. त्याने तोंड उघडले तर आतली शक्ती निसटून जाईल, असे पोकेडेक्समध्ये, म्हणजे खेळातल्या माहितीकोशात, लिहिले आहे. म्हणजे त्या चेनवरच त्याचा जीव तगून आहे. चित्रकाराने एका चेनमध्ये सगळी गोष्ट सांगितली आणि आपण ती खोडरबराने पुसायला लावली! मुलांना दुःख दिसू नये म्हणून त्यांच्या हातची चित्रे गोड करून घेणे हा आडदांडपणा आहे, हे तुम्हा मंडळींना मी वेगळे सांगायला नको.

माझ्या आजीने जुन्या लुगड्याची एक बाहुली शिवली होती. आम्ही तिला ठकी म्हणत असू. डोळ्यांना सदऱ्याची बटणे आणि तोंडाला लाल दोऱ्याचा एकच आडवा टाका. ती हसरी नव्हती, तरी मी तिच्याशी तासन्‌तास बोलत असे.

लहान मुले बॅनेटला घाबरू शकतात, हे मान्य. पण 2013 साली आलेल्या त्याच्या मेगा, म्हणजे अधिक ताकदवान, रूपात अंगावरच्या चेना उघडून आतून जांभळट पंजे बाहेर काढले, ते मला अजून पटलेले नाही. जो राग शिवून ठेवला होता, तोच उसवून दाखवला, मग उरले काय?

असे बाहुले जपानमध्येच सुचावे, यात मला नवल वाटत नाही. शंभर वर्षे जुन्या झालेल्या वस्तूत जीव येतो, अशी तिथे जुनी समजूत आहे. वाकायामाच्या अवाशिमा देवळात दर 3 मार्चला बाहुल्या होडीत घालून समुद्रात सोडत असत. आपणही भंगलेली मूर्ती कचऱ्यात टाकत नाही, पाण्यात सोडतो. बाहुलीच्या वाट्याला मात्र आपल्याकडे तेवढेही येत नाही.

ठकीच्या वाट्याला रद्दीचे पोते आले. मी अकरा वर्षांची होते, आम्ही घर बदलत होतो आणि नव्या इमारतीतल्या मुली हसतील म्हणून मीच तिला वर्तमानपत्रांच्या खाली दडपली. आजीने ते पाहिले होते. ती एक शब्दही बोलली नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही.

लिहिता लिहिता पाहुण्यांवरचा राग ओसरला आहे. त्यांनाही बिचाऱ्यांना पोरीचे कौतुकच करायचे असेल. बॅनेटची उंची 1.1 मीटर दिली आहे, म्हणजे जवळजवळ माझ्या भाचीएवढी. ‘सन’ या 2016 च्या खेळात असेही म्हटले आहे की त्याला नीट वागवले तर त्याचे समाधान होते आणि तो पुन्हा साधे बाहुले होतो. झोपताना मी तिला हे सांगितले, तेव्हा ती उठून वही घेऊन आली आणि हसऱ्या तोंडावरूनच तिने पुन्हा चेन काढली. मग तिने विचारले, ‘मावशी, तुझी ठकी कुठे आहे?’

हरवली, असे मी सांगितले.