कनेक्टर काढल्यावर दिवा गेला, म्हणजे नेमकं काय कळलं?

राम राम भाऊ,

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमची तक्रार आधी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की इंजिन चालू असताना ऑइलचा लाल दिवा जळत राहिला तर ऑइल प्रेशर स्विचचा (तेलाचा दाब पडला की हा दिवा लावणारा स्विच) कनेक्टर काढा, दिवा गेला तर स्विच खराब. तुमचं म्हणणं, ही तपासणीच चुकीची आहे, मी सांगितल्याप्रमाणे स्विच 'फिल्टरजवळ' शोधता शोधता तुमचा अर्धा रविवार गेला, आणि एवढा घोळ घालण्यापेक्षा तुमच्या धुळ्याच्या मिस्तरीसारखा सरळ नवा स्विच टाकून मोकळं व्हावं.

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. एका वायरच्या साध्या स्विचमध्ये दाब नसताना पॉइंट जुळलेले असतात. वायरला अर्थ (इंजिनाच्या बॉडीतून अर्थिंग) मिळतो, दिवा लागतो. दाब साधारण 0.3 ते 0.5 बारच्या वर गेला की पॉइंट सुटतात. आता दाब खरंच नसेल तरी कनेक्टर काढल्यावर दिवा जाणारच की! त्यावरून वायर शाबूत आहे एवढंच कळतं. काढूनही जळत राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला घासते आहे. मूळ लेखातलं ते वाक्य बदललंय.

जागेचंही तसंच. बऱ्याच गाड्यांत तो इंजिनाच्या ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या आसपास असतो, पण काहींत वरच्या हेडवर. कनेक्टर तेलाने ओला दिसला तर स्विच गळतोय, तो बदलाच. तेवढ्यापुरता तुमचा मिस्तरी बरोबर.

पण 'सरळ बदला' हे मी मानणार नाही, कारण ते करून बसलोय. यावलकडे केळीच्या बागेतल्या कच्च्या रस्त्यावर माझ्या गाडीच्या चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला, दगड लागला. एका गॅरेजात चेंबर काढून, ठोकून परत बसवलं. पुढे मे महिन्यात, जळगावचं ऊन माहीतच आहे तुम्हाला, सिग्नलला थांबलं की दिवा लुकलुकायचा. रेस दिली की गायब. नवा स्विच टाकला. आठ दिवस शांत, मग पुन्हा तेच. शेवटी स्विच काढून त्या जागी प्रेशर गेज लावला. इंजिन गरम, आयडलला (रेस न देता) जेमतेम 0.3 बार! चेंबर उतरवलं तर पंप जिथून तेल ओढतो त्या स्ट्रेनरच्या जाळीवर सिलिकॉनचे तुकडे. गॅस्केटऐवजी हात सैल सोडून सिलिकॉन फासलं होतं, जादाचं आत गळून पडलं. दोन्ही स्विच बिचारे खरंच बोलत होते.

म्हणून गेज. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला एक रीडिंग, 2000 आरपीएमला दुसरं. खरा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. तो हाताशी नसेल तर दर 1000 आरपीएमला 10 पीएसआय, म्हणजे सुमारे 0.7 बार, हा मिस्तरी लोकांचा जुना अंदाज. गेजवर दाब नीट आणि दिवा तरी चालू, तरच स्विच दोषी. नवा बसवताना आट्यांवर टेपचे वेढेच्या वेढे गुंडाळू नका. एका वायरच्या स्विचला अर्थ त्या आट्यांतूनच मिळतो. आणि तीन वायरींचा सेन्सर असेल तर वायर बॉडीला टेकवून पाहायचा उद्योग अजिबात करू नका, तिथे 5 व्होल्टचा पुरवठा असतो.

राहिलं तुमचं 'औट्रम घाटात गाडी बंद करून दाखवा', म्हणजे दिवा लागला तरी घाटात थांबता येत नाही हे म्हणणं. ऐन वळणावर नका करू, पण पहिल्या रुंद जागेला बाजूला घेऊन बंदच करा आणि डिपस्टिक पाहा. तेल भरपूर दिसलं म्हणून दाब आहे असं नाही, माझंही काठोकाठ होतं. टोचन करून चाळीसगावला आणायचा खर्च बेअरिंग आणि क्रँकपुढे काहीच नाही.

आता गाडीचं मॉडेल, किलोमीटर आणि कुठल्या ग्रेडचं तेल घातलंय ते लिहा. नवा स्विच टाकल्यापासून गरम इंजिनावर दिवा एकदा जरी लुकलुकला असेल तर तेही. जळगावकडे येणं झालं तर गेज माझ्याकडेच आहे, घेऊन जा.